साचेखात्यातले हात

नायगाव, मुंबई
दि. १७ नोव्हेंबर १९९१

ती. बाबांस,
सुनेत्राचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नका. कॉलेजने आम्हा तिसऱ्या वर्षाच्या चौघांना फोर्टातल्या एका कलासंग्रहालयात दोन महिने काम शिकायला धाडलं आहे. बाकी तिघांना दालनात चित्रं टांगायचं काम मिळालं, मला मागचा दप्तरखाना. सरोजआत्याला वाटतं, मी तिथे कारकुनी करते. तिला म्हटलं, हो, बिनपगारी!

गिरगावात राहणारे चित्रकार तुळशीदास पाठारे वारले, त्यांच्या घरच्यांनी सात ट्रंका भरून वह्या संग्रहालयाला दिल्या. त्यातलं पान न् पान मऊ ब्रशने झाडायचं आणि प्रत्येक चित्राचं कार्ड लिहायचं, हे माझं काम. खोलीला एकच उंच खिडकी आहे. दुपारी ऊन टेबलावर येतं, धूळ तरंगत राहते, आणि घड्याळ चालतंय की थांबलंय ते कळत नाही. बोलायचं नाही असा नियमच आहे. कधी कधी वाटतं, मीसुद्धा कुणीतरी काढून वहीत ठेवलेलं चित्र आहे.

एका वहीत नुसते हात आहेत, बाबा. चाळीस पानं हात. कुठे चिमूट, कुठे उघडा पंजा, कुठे वळलेली मूठ. चेहरा कुठेच नाही. पाठाऱ्यांनी नर्तकीही पुष्कळ काढल्या आहेत, म्हणून मी कार्डावर 'नृत्यमुद्रा' असं लिहिलं. आमच्या मुख्य दमयंतीबाई खूश झाल्या. डिसेंबरातल्या प्रदर्शनात ही वही मांडणार आहेत. गंमत म्हणून त्यातले चार हात खाली काढून पाठवते. सगळीकडे करंगळी अर्धीच आहे. नर्तकाचा हात असा कसा, एवढं एक कोडं उरलंय.

कानात औषध घालता ना? तुमचा हात डोक्यावर आहे, तो तसाच राहू द्या.

आपली,
सुनेत्रा


असलदे, ता. कणकवली
दि. २६ नोव्हेंबर १९९१

चि. सुनेत्रा हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. हसून हसून ठसका लागला, शेजारची पुतळाबाई पाणी घेऊन धावली. अगं, गिरणीत बावीस वर्षं काढलेल्याची पोर तू, आणि साचेखात्यातल्या खुणांना नाच म्हणतेस? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कापड विणणारे ते साचे सुरू झाले की शेजारच्याची हाक शेजारच्याला ऐकू जात नसे, म्हणून आम्ही हाताने बोलायचो. तू काढलेला पहिला हात म्हणजे धागा तुटला. दुसरा, सुताची कांडी संपली. तिसरा, जॉबर म्हणजे मुकादम येतोय, सांभाळ. चौथा चहाचा. प्रत्येकाच्या नावाचीही खूण असे. जॉबरची खूण मुलीला लिहून कळवण्यासारखी नाही. घरी मी हे हात कधी आणले नाहीत, तेव्हा चूक तुझी एकटीची नव्हे.

इथे सगळं शांत आहे. म्हणजे असावं! माझ्या कानात खातं अजून चालूच असतं. संध्याकाळी पडवीत बसलो की दिसतात माड, पण आवाज येतो साच्यांचा. वाटतं, उठावं आणि तुटलेला धागा जोडून यावं. मग पुतळाबाईच्या कोंबड्या दिसतात आणि भान येतं.

हात कुणाचा ते मी ओळखलं. कुशाबा घाडीचा. करंगळी साच्याच्या पट्ट्यात सापडली तेव्हा मीच त्याला इस्पितळात नेलं होतं. चौदा वर्षं आम्ही शेजारी काम केलं, एका डब्यात जेवलो. ब्याऐंशीच्या संपात मी बाहेर राहिलो आणि त्र्याऐंशीत तो आत गेला. पोटासाठी पुष्कळ गेले, त्याचं मी समजू शकतो. पण त्याने माझेच चार साचे घेतले. ते कळलं आणि मी मुंबई सोडली. त्याची दोन पत्रं आली, ती न फोडता परत धाडली. कार्डावर त्याचं नाव घालू नकोस. 'गिरणी कामगार' एवढं पुरे.

वेळेवर जेवत जा. या बहिऱ्या म्हाताऱ्यावर माया ठेव.

तुझा,
बाबा


नायगाव, मुंबई
दि. ४ डिसेंबर १९९१

ती. बाबांस,
सुनेत्राचा शि. सा. न. वि. वि.

जुनं कार्ड फाडलं. दमयंतीबाईंना तुमचं पत्र वाचायला दिलं. त्यांनी सगळी वही पुन्हा पहिल्यापासून पाहिली, आणि तुमची ती चौथी खूण करून मला चहाला नेलं. बोलल्या नाहीत, त्यामुळे नियमही मोडला नाही.

पण अडचण अशी की प्रदर्शनातल्या चित्रांखालच्या चिठ्ठ्या वीस तारखेला छापायला जाणार. हात कुणाचे ते ठाऊक असताना नुसतं 'कामगार' लिहिणं बाईंना पटत नाही. नाव घालायचं तर ओळखणाऱ्याने तसं लेखी द्यावं लागतं, आणि ओळखणारे तुम्ही एकटे. मी तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही, बाबा. फक्त आणखी एक पान पाहा.

वहीच्या शेवटी तीन हात ओळीने काढले आहेत. पहिल्याशी अर्धी भुवई आहे आणि तिच्यावरून बोट ओढलेलं आहे. दुसऱ्यात अंगठा आत आणि चार बोटं ताठ. तिसऱ्यात दोन बोटं डोळ्यांकडे. पानाच्या पाठीमागे पाठाऱ्यांनी पेन्सिलीने लिहिलंय: मार्च ८४. फाटकासमोरच्या चहावाल्यापाशी. हेच तीन हात पुन्हा पुन्हा करतो. अर्थ विचारला तर उठून गेला.

आत्याला खोदून विचारलं तेव्हा ती बोलली. गिरणी दोन वर्षांपूर्वी बंद पडली. कुशाबाकाका आता शिवडीला एका गोदामावर राखणदार आहेत आणि त्यांनाही ऐकू येत नाही. आत्या बाजारात दिसली की तुमचं नाव घेऊन, राजाराम आला का, एवढंच विचारतात. तुम्ही चिडाल म्हणून तिने कधी कळवलं नाही.

या तीन हातांत काय म्हटलंय, बाबा? माझं मन त्यातून निघत नाही. चुकलंमाकलं पोटात घाला.

आपली,
सुनेत्रा


असलदे
दि. ११ डिसेंबर १९९१

मित्रवर्य कुशाबा यास,
स. न. वि. वि.

अक्षर ओळखून हे पत्र परत धाडू नकोस, जरी मी ते दोनदा केलं आहे. माझी पोर सुनेत्रा ते तुझ्या हातात देईल. तिने कुठल्याशा ट्रंकेतून तुझे हात शोधून काढले.

भुवई म्हणजे मी. लहानपणी फुटलेली, तुम्ही सगळे तिच्यावरूनच मला हाक मारायचात. चार बोटं म्हणजे चार साचे. आणि तिसरी खूण तर आपण दिवसातून दहादा करायचो. कुणी पाणी प्यायला निघाला की शेजारी डोळ्यांशी बोटं नेऊन सांगायचा, जाऊन ये, तोवर मी बघतो. गेलेला परत आला की शेजारी बाजूला व्हायचा. असे राखायला घेतलेले साचे कुणी कधी आपले म्हटले नाहीत.

मी जो फाटकाबाहेर गेलो तो परत आलोच नाही. तू मात्र गिरणी बंद होईपर्यंत माझी वाट बघत उभा होतास, आणि मी इथे गावभर तुला चोर म्हणत होतो. मला लाज वाटते, कुशाबा. संप मोडून तू आत गेलास ते मला आजही पटलेलं नाही. भांडायचं तर तेवढ्यावर भांडू.

संग्रहालयाला लेखी दिलं आहे: हात कुशाबा घाडी यांचे, ओळखणारा राजाराम तावडे.

बावीस तारखेला, रविवारी सकाळी मी शिवडीला येतो. तुझा राग असला तर असू दे. दारातून जा म्हणून ओरडलास तरी मला ऐकू येणार नाही, मी आत येऊन बसेन. घालवायचंच असेल तर समोर उभा राहून हाताने सांग.

लोभ उरला असेल तेवढा ठेव.

तुझा शेजारी,
राजाराम