बंडू ही मुलगी आहे, याबाबत

प्रति,
मा. निबंधक साहेब,
जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय,
पहिला मजला, जिन्याच्या उजव्या हाताला.

विषय : अर्जदाराच्या नातीस जन्मदाखल्यावर पुन्हा मुलगी करून तिचे 'बंडू' हे नाव आहे तसेच ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) खिडकी क्रमांक चारवर दिलेला मूळ अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचा दाखला, ज्यात नात मुलगा आहे.
३) आपल्या लिपिकांची तोंडी सूचना : "आजोबा, त्यापेक्षा नावच बदला ना."

महोदय,

प्रथम नम्र विनंती अशी की, आपण हातातले पेन क्षणभर खाली ठेवावे आणि आपण साडेपाच वर्षांचे आहोत अशी कल्पना करावी. बाक बुटके आहे, तरी पाय जमिनीला टेकत नाहीत. मास्तर हजेरी घेत आहेत. त्यांनी आपले नाव पुकारले आणि सगळा वर्ग खो खो हसला. आता सगळे आपल्याकडेच बघत आहेत. हे चित्र डोळ्यांसमोर राहू द्यावे. त्या मुलाने पुढे काय केले ते अर्जदार शेवटी सांगेल. गोष्ट अर्धी ठेवली की मुले शेवटपर्यंत बसून राहतात, हा अर्जदाराचा अनुभव आहे. अधिकाऱ्यांवर प्रयोग करण्याची ही पहिलीच खेप.

१. अर्जदार निवृत्त शिक्षक असून रोज सकाळी घराच्या पुढच्या खोलीत गल्लीतल्या लहान मुलांचा वर्ग घेतो. अक्षरे, गाणी, बुटाची नाडी बांधणे आणि भांडण झाल्यावर आधी कोणी बोलायचे, हे विषय शिकवले जातात. शेवटचा विषय सर्वांत अवघड आहे.

२. हल्ली मुलींना मुलग्यांची घरगुती नावे ठेवण्याची टूम निघाली आहे, हे आपल्या कानावर असेलच. अर्जदाराच्या वर्गात राजू, दादू आणि बाळू आहेत. तिघींच्याही वेण्या आहेत. समोरच्या शिंपीणबाईंच्या नातीचे नाव 'भाऊ' ठेवले, तेव्हा अर्जदाराने सरळ नाक मुरडले. "अहो, मोठेपणी हिला कोण भाऊ म्हणेल?" असे विचारल्यावर शिंपीणबाई ओठांत टाचण्या धरूनच म्हणाल्या, "मास्तर, मोठेपणाचं कशाला? आम्ही आत्ताच म्हणतोय की!" पुढे तर ही टूम अर्जदाराच्याच घरात शिरली.

३. अर्जदाराची सूनबाई शहर बस चालवते. बाळ पोटात असताना प्रत्येक थांब्यावर लाथ मारी आणि सूनबाई ओरडे, "बंडू, गप बस की जरा!" हळूहळू रोजचे उतारूही दारातून चढता चढता "बंडू काय म्हणतोय?" असे विचारू लागले. शेवटी बंडू जन्मला आणि मुलगी निघाली. अर्जदाराने उत्साहाने पाळण्याशी बसून एकाहून एक सुरेख, चार-चार अक्षरी नावे म्हणून पाहिली. प्रत्येक नावाला बाळाने भोकाड पसरले. शेवटी अर्जदाराचा लेक भाजीची पिशवी घेऊन आत आला आणि सहज म्हणाला, "काय गं बंडू?" बाळ गप्प झाले, त्याच्याकडे टक लावून पाहू लागले आणि शिंकले. "ठरलं!" सूनबाई म्हणाली. "बाबा, तुमची नावं आता पुढच्या खेपेला."

४. खिडकी क्रमांक चारवर दोन ट्रे आहेत, निळा मुलग्यांचा आणि पिवळा मुलींचा. तेथील लिपिक मनाने चांगले आणि हाताने फार चपळ आहेत. ते केवळ नाव पाहून कागद ट्रेमध्ये टाकतात आणि आतल्या टेबलावर ट्रे पाहून मुलगा की मुलगी ते टाइप होते. 'बंडू' अर्थातच निळ्यात गेली. अर्जदाराने विचारले, "अहो, खाली रकान्यात मुलगी असं लिहिलंय ना?" त्यावर लिपिक ओशाळून म्हणाले, "आजोबा, खरं सांगू? रकाना कोण वाचतंय!" त्यांनी स्वतःच्या पैशाने चहा पाजला, हे येथे नमूद करणे अर्जदार कर्तव्य समजतो.

५. त्यांच्या सांगण्यावरून अर्जदाराने डॉक्टरीणबाईंचे पत्र आणले. त्यात "सदर मुलगी ही मुलगीच आहे" असे स्वच्छ लिहिले होते. ते पत्र परत आले. शेरा असा होता की, पत्र मुलीचे आहे आणि कार्यालयातील बंडू हा मुलगा आहे, सबब मेळ बसत नाही. मग संबंधित व्यक्तीस समक्ष हजर करण्यास सांगण्यात आले. संबंधित व्यक्तीस दुपट्यात गुंडाळून हजर केले. अंगठा उठवण्यास सांगितले असता तिने तो तोंडात घातला. लिपिकांनी "बंडू!" अशी हाक मारताच ती बोळके पसरून हसली. चार नंबरची अख्खी रांग हसली, शिपाईदादांनी तिच्या मुठीत शिक्का दिला आणि तो परत काढून घेताना त्यांच्या नाकी नऊ आले. लिपिक म्हणाले, "किती गोड मुलगी आहे हो!" मग दाखल्याकडे पाहून हळूच म्हणाले, "पण आहे मुलगा."

६. आता खरी अडचण. सूनबाईची रजा संपत आली आहे. पाळणाघराच्या बाई ठाम आहेत : "मास्तर, एक तर दाखल्यातला मुलगा आणा, नाहीतर पाळण्यातल्या मुलीचा दाखला आणा." दोन्ही न जमल्यास बंडूला अर्जदाराने सांभाळायचे आणि वर्ग बंद करायचा, एवढीच वाट उरते. बंडू आणि वर्ग एकत्र सांभाळून पाहिले. बंडू रडू लागली की राजू तिच्यासाठी गाणे म्हणते, बाळू दुसरेच गाणे म्हणते, आणि त्या गोंगाटात दादूची डाव्या पायाची नाडी शिकवायची राहून जाते. उजव्या पायाची तिला येते.

७. नाव बदलून नवा अर्ज दिल्यास तो पिवळ्या ट्रेमध्ये पडेल आणि संध्याकाळच्या आत काम होईल, हे अर्जदारास मान्य आहे. सूनबाईसुद्धा थकून म्हणाली, "बाबा, राहू द्या. कागदावर काहीही असो, घरात बंडूच." परंतु अर्जदाराने आयुष्यभर हजेरी घेतली आहे. ज्या नावाने आई हाक मारते ते नाव चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवून मूल वर्गात आले, तर ते अर्धेच आत येते. अर्जदाराला बंडू पूर्ण हवी आहे. नाक मुरडणारा अर्जदार तो हाच, याची त्यास जाणीव आहे.

८. सबब विनंती की, दाखल्यावर बंडूस मुलगी करावे, नाव तसेच ठेवावे, आणि जमल्यास खिडकीवर एकच ट्रे ठेवावा. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे पुढच्या महिन्यात बाळ यायचे आहे आणि मुलगी झाल्यास नाव 'तात्या' ठरले आहे.

आपल्या सहीची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
बंडूचे आजोबा, गल्लीतले मास्तर

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे.

सोबत : १) चुकीचा दाखला.
२) डॉक्टरीणबाईंचे पत्र.
३) बंडू, समक्ष. बाहेरच्या बाकावर आईच्या मांडीवर आहे. झोपली असल्यास उठवू नये.

ता.क. : ही चिठ्ठी वेगळी जोडली आहे, ती फाइलला लावू नये. सुरुवातीची कल्पना आपणास फारशी करावी लागली नसेल, कारण ते मूल आपणच होता आणि हजेरी अर्जदारच घेत होता. लहान वर्गात अर्जदार सर्वांना घरच्या नावानेच पुकारत असे. चार बहिणींच्या पाठचे आपण, म्हणून घरी आपणास 'बेबी' म्हणत. वर्ग हसला तेव्हा अर्जदाराने आपल्या बाकाशी वाकून हळूच विचारले होते, "दुसरं नाव लिहू का रे?" आपण शर्टाच्या बाहीने नाक पुसलेत, बाकावर चढलात आणि मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालात, "बेबी, हजर!"