रिकाम्या जागेतलं वजन

३ जून
नवी नोकरी, नवं घर! माझी लेक चिमी तिन्ही खोल्यांत धावून आली. म्हणाली, आपलं बोलणं परत ऐकू येतं. इमारत अर्धी रिकामी आहे, पण खिडकीशी झाड आहे.

माझं काम : गुरुत्वाकर्षण विश्वात सगळीकडे सारखंच आहे का, ते लाखो दीर्घिकांच्या नोंदींवरून तपासायचं. एक सिद्धांत म्हणतो, गर्दीत ते नेहमीसारखं वागतं. आसपास काहीच नसलं की सैल पडतं. चिमी म्हणाली, आमच्या वर्गासारखं. बाई असल्या की गप्प.

९ जून
विभागप्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांचा नियम : खरा निकाल संगणकात झाकलेला असतो, पद्धत पक्की झाल्यावरच उघडायचा. माझ्या आधीच्या माणसाने लवकर उघडला होता म्हणे. तो आता कुठे असतो, विचारलं. त्यांनी टेबलावरचा कप तळव्याने दाबून धरला.

१७ जून
चिमीची नवी शाळा महिनाअखेरीस सुरू होईल. खालचं बिऱ्हाड गेलं. दुपारी ती एकटीच असते. आज म्हणाली, "आई, तू गेलीस की चमचा उशिरा पडतो."

मी टाकून दाखवला. ठण्णकन पडला.

२२ जून
घरच्या काट्यावर चिमी सतरा किलो. मे महिन्यात एकवीस होती. तशीच दवाखान्यात नेली. तिथे माणसांची रीघ. ती एकवीस भरली. डॉक्टर म्हणाले, काटा बदला.

२३ जून
निकाल उघडला. सिद्धांत खरा आहे. आणि नोंद जितकी अलीकडची, तितका कमी रिकामेपणाही गुरुत्वाकर्षण सैल पडायला पुरतो.

मोठ्या बाईंना फोन केला. त्या गेलं वर्षभर स्टेशनजवळच्या लॉजवर राहताहेत. माणसांत. लेकीला घेऊन लगेच निघ, म्हणाल्या.

२४ जून, दुपार
रात्री गाडी मिळाली नाही. शेवटचे शेजारी सकाळी गेले. मी गाडी बघायला खाली उतरले — पाच मिनिटं — वर आले तर चिमी छताला टेकलेली. हसत होती.

ओढून कडेवर घेतली. काहीच वजन नाही.

जिन्यात पायरी पायाला लागेना. परत आत. दाराची चौकट धरून — फोन हवेत लांब गेलाय, वहीच तेवढी हाताशी —

आता वजनाला आम्ही दोघी पुरत नाही.

कोणी आलात तर एकटे येऊ नका. दहा जण —

खिडकी लावायची राहिली. चिमीचा हात घट्ट धरलाय, पण आता माझेही पाय —