बाकाचा उमेदवार

४ जानेवारी, रविवार
रोजनिशीबाई, माफी असावी. मागची नोंद गणपतीतली आहे. त्या आधीची त्या आधीच्या गणपतीतली. उशीर झाला खरा, पण चष्म्याची काडी मोडली होती. नंतर चष्मा झाला तर पेन सापडेना. असो.
आज लिहायला बसलो कारण संकट आलं आहे. सोसायटीच्या ग्रुपवर अध्यक्ष अनिरुद्धचा मेसेज : बकुळीखालचा सिमेंटचा बाक काढून तिथे गाड्यांचा चार्जिंग पॉइंट करणार. माझा बाक! खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून मी संध्याकाळी तिथेच असतो. घरात बसायचं कुठे? विमल झाडू घेऊन मागे लागते. पाय वर घ्या म्हणते. वर घेतले की सोफ्यावर पाय ठेवू नका म्हणते.
पुढच्या महिन्यात कमिटीची निवडणूक आहे. ठरलं. उभा राहणार, अध्यक्ष होणार. बाक हलणार नाही.

५ जानेवारी
सीतारामभाऊंना बाकावर बातमी सांगितली. ते स्वारगेट डेपोला कंडक्टर होते, माणसं ओळखतात. म्हणाले, तुम्ही नक्की याल हो निवडून, फक्त मतदान होऊ देऊ नका.
जुना मित्र. धीर देतो.

८ जानेवारी
प्रचार सुरू. लिफ्ट बंद, म्हणून तळमजल्यापासून सुरुवात केली. तळमजल्यावर पार्किंग आहे. वॉचमनला धोरण समजावलं. त्याला पटलं, पण त्याला मत नाही.

१० जानेवारी
तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. छातीत धडधड. हार्ट असेल की उत्साह? तिथे राहणाऱ्या शर्मिलाने दार उघडलं, पाणी दिलं. मी भाषण सुरू करणार तेवढ्यात म्हणाली, काका, तुमच्या घरासाठी आख्खी बिल्डिंग तयार आहे, काळजी करू नका.
आख्खी बिल्डिंग! मी अजून तीनच मजले चढलो होतो. यालाच लाट म्हणतात. उरलेले मजले रद्द केले.
विमलला अजून सांगितलेलं नाही. एकदम निकालच सांगावा. आरशासमोर भाषणाचा सराव करत होतो तर आतून म्हणाली, खोकला आहे तर काढा घ्या.

१३ जानेवारी
सोसायटीच्या ऑफिसात अर्ज आणायला गेलो. अनिरुद्ध म्हणाला, काका, फ्लॅटवर पहिलं नाव काकूंचं आहे. मत त्यांचं. उभं राहायचा हक्कही त्यांचा. आपण सहयोगी सभासद. काकूंनी लेखी संमती दिली तरच आपल्याला उभं राहता येईल.
हसू आलं. पहिलं नाव बाईचं असलं की सरकारी खर्च थोडा वाचतो असं बिल्डरने सांगितलं, म्हणून घातलं होतं. नुसतं लिहिण्यापुरतं. मी तसं सांगितलं तर म्हणाला, कायदाही लिहिण्यापुरताच असतो काका, पण चालतो.
उद्धट आहे. हरेल.
संमतीची चिंता नाही. इतक्या वर्षांत विमल मला कधी नाही म्हणाली नाही. मी कधी विचारलं नाही हेही खरं.

१५ जानेवारी
उद्या विचारणार. आज घरात मेथी निवडणं चालू होतं, वातावरण योग्य नव्हतं.

१६ जानेवारी
विचारलं. थेट नाही, आडवळणाने. म्हटलं, समजा एखाद्या माणसाला समाजासाठी काही करायचं असेल तर घरच्यांनी सही करावी की नाही? म्हणाली, आधी त्या माणसाने गिरणीतून दळण आणावं.
म्हणजे सही करणार. आधी दळण, मग सही. दळण आणलं.
पित्त झालं आहे.

१८ जानेवारी, रविवार
दुपारी बुद्धविहारातून विमलसोबत बिल्डिंगमधल्या सहा-सात बायका घरी आल्या. शर्मिलाही. मी आत शिरताच सगळ्या गप्प. टीपॉयवरचा कागद कुणीतरी पदराखाली घेतला. शर्मिला म्हणाली, काका, तुम्ही जरा खाली बाकावर बसा ना.
डोळे भरून आले. माझ्यासाठी महिला आघाडी उभी राहते आहे आणि मला कळू द्यायचं नाही. शिवाय बाकाबद्दल किती आपुलकी! खाली जाऊन सीतारामभाऊंना सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, शिरसाट, तुम्ही खरंच नववी पास आहात ना?
हो म्हटलं.

२० जानेवारी
अर्जाचा शेवटचा दिवस. सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि विमलसमोर कागद ठेवला. म्हटलं, इथे सही कर.
वाचला. चष्मा काढला. म्हणाली, अहो, आधी सांगायचं ना. मी परवाच अर्ज भरला.
कुणाचा, असं विचारलं.
माझा, म्हणाली.
मी म्हटलं ही घरात फूट आहे. ती म्हणाली, फूट कसली, मत एकच आहे आणि ते माझं आहे. मी म्हटलं, अगं, पण मी बाक वाचवायला उभा राहतोय. तेव्हा जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो : तो बाक मी रोज बघते. लिफ्ट बंद असली की भाजीच्या पिशव्या घेऊन मी जिन्याशी उभी असते आणि तुम्ही दोघं पाय पसरून बसलेले असता. एकदा तरी सरकलात?
मला वाटायचं तिला उभं राहायला आवडतं.

२१ जानेवारी
तिला असलेला माझा पाठिंबा काढून घ्यायचं ठरवलं. मग लक्षात आलं की काढून घ्यायला माझ्याकडे मतच नाही.

२३ जानेवारी
पाठिंबा जाहीर केला. विमल म्हणाली, बरं.

१ फेब्रुवारी, रविवार
मतदान झालं. मी गेटबाहेर, आत फक्त सभासद. विमलला सगळ्यात जास्त मतं. अनिरुद्ध पडला. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, अभिनंदन काका, छान लढलात. मी आभार मानले. नीट पाहिलं तर सगळं माझ्या योजनेप्रमाणेच झालं आहे. फक्त माणूस वेगळा.

४ फेब्रुवारी
नव्या कमिटीची पहिली बैठक आमच्याच घरी. विमल अध्यक्ष. चहा मी केला. आलं जास्त पडलं. ओट्याशी उभं राहून ऐकत होतो. पहिला ठराव : बाक काढायचा नाही. मी आनंदाने गाळणी आपटली.
दुसरा ठराव : संध्याकाळी पाच ते आठ बाक महिलांसाठी राखीव.
एकमताने मंजूर.
खाली जाऊन सीतारामभाऊंना सांगितलं. म्हणाले, चार्जिंग पॉइंटच बरा होता. आपण दोघांनी स्वतःला लावून घेतलं असतं.

६ फेब्रुवारी
संध्याकाळी गॅलरीतून पाहिलं. बाकावर विमल, शर्मिला आणि बाकीच्या. पिशव्याही बाकावर. विमल पाय पसरून बसली होती, कशाला तरी हसत होती. इतकं हसते हे माहीत नव्हतं.
रात्री जेवताना विषय काढला. म्हणाली, तोंडी तक्रार चालत नाही, लेखी द्या. तेव्हा दिलं. नक्कल इथे ठेवतो.

मा. अध्यक्षा, यांस,
विषय : बाकाची उजवी कडा मिळणेबाबत.
अर्जदार सहयोगी सभासद असून वयस्कर आहे. घरात बसल्यास पाय कुठे ठेवावेत याबाबत स्पष्ट धोरण नाही. तरी आपण बसला असताना एका कडेला बसू द्यावे. अर्जदार पिशव्या वर नेईल. सांगितल्यास सरकेल. सीताराम यांच्यासाठी वेगळा अर्ज येईल.
आपण सध्या भांडी घासत आहात याची कल्पना आहे. हात कोरडे झाल्यावर वाचावे आणि उत्तर लवकर कळवावे. मी गॅलरीत उभा आहे.