चालत्या ट्राममधून शून्य वेगाने उतरण्याविषयी

ठाकूरद्वार, मुंबई
आश्विन वद्य तृतीया, शके १८१७

तीर्थस्वरूप दादासाहेब यांच्या चरणी जावई रघुवीर याचे मस्तक. आम्ही दोघे सुखरूप आहोत (माझा उजवा गुडघा वगळून). आपला खोकला अलिबागच्या हवेने हटला असेल आणि सासूबाईंचे सांधेही शांत असतील, अशी आशा आहे.

गुडघ्याची हकीकत मीच कळवतो, कारण दुसऱ्या कोणाकडून कळली तर माझ्या अकलेविषयी आपला गैरसमज होईल. (माझ्याकडून कळल्यावर गैरसमजाला जागाच उरणार नाही.) बी.ए.ला यंदा शून्यलब्धि नावाचे गणित आहे. धावत्या कणाचा नेमक्या एका क्षणी वेग किती, ते त्याने काढतात. आता वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. एका क्षणात अंतर किती कापले जाते? काहीच नाही. तेव्हा मी असे ठरवले की, कोणत्याही एका क्षणी प्रत्येक वस्तू उभीच असते! या शोधाच्या आनंदात मंगळवारी घोड्यांच्या ट्रामने कचेरीतून येत होतो. ठाकूरद्वार आले, ट्राम थांबेना, म्हणून मी एक क्षण निवडला आणि उतरलो. उठलो तो गंगुबाई कोळणीच्या पाटीशेजारून. "बाबा, गाडी उभी तरी राहू दे की!" ती म्हणाली. त्या क्षणी गाडी उभीच होती, हे तिला पटवणे मला जमले नाही.

घरी सौ. ललिताने हळदीचा लेप लावता लावता सगळे विचारून घेतले. मी उदाहरण दिले: जितके सेकंद झाले, त्याच्या वर्गाइतके हात कण पुढे जातो, तर तिसऱ्या सेकंदाला वेग किती? ती म्हणाली, "अहो, क्षण एकदम कशाला धरता? आधी अख्खा सेकंद घ्या. तिनाचे नऊ, चाराचे सोळा, म्हणजे सात हात. आता अर्धाच घ्या. साडेतिनाचा वर्ग सव्वाबारा, अर्ध्या सेकंदात सव्वातीन हात, म्हणजे साडेसहाचा वेग. पाव घेतला तर सव्वासहा." मग म्हणाली, "वेळ आटत चालला तरी वेग काही शून्याकडे जात नाही. तो सहाकडे निघालाय."

दादासाहेब, मी दोनदा नापास झालेला माणूस. ते गणित मला त्या वेळी प्रथम कळले. आपण तिला पावकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे शिकवलेत तेव्हा आळीने नावे ठेवली होती म्हणे. त्या आळीला माझा गुडघा दाखवावासा वाटतो.

मग तिने पहिल्या सेकंदाला दोन, दुसऱ्याला चार असा वेग काढला आणि म्हणाली, "दर सेकंदाला दोनाने वाढतो. हीच ना तुमची वेगवृद्धि?" मी पुस्तकातली शंका काढली: वर फेकलेली वस्तू टोकाला थबकते, तिथे वेग शून्य, मग वेगवृद्धीही शून्यच ना? तिने टोपलीतले लिंबू वर उडवले आणि झेलले. "तीही शून्य असती, तर लिंबू वरच राहिले असते."

त्याच लिंबाचे तिने सरबत केले. मी सरबत प्यालो.

वडीलधाऱ्यांचा हात असाच डोक्यावर असू द्यावा.

आपला,
रघुवीर

ता. क. : दिवाळीसाठी सौ.ला न्यायला हेरंबभाऊंना पाठवत आहात असे कळले. परीक्षा कार्तिकात आहे. यंदा भाऊबीज त्यांनी इकडेच येऊन करावी, ही विनंती.

ता. क. २ : सौ.ने पत्र वाचले. ती म्हणते, माहेरी येणारच, काळजी नसावी. उरलेले सगळे धडे तिने माझ्यासाठी सोपे करून वहीत उतरवले आहेत.

ता. क. ३ : वही वाचली. सोपे केलेलेही कळले नाही. हेरंबभाऊंना थांबवा.