जुळ्या दाराचे सेवेकरी

पिंगळी, ३ नोव्हेंबर १९५८

आज कामावर रुजू झालो. खरं सांगायचं तर फार दिवसांनी मन प्रसन्न आहे. पाथरीच्या दुकानात तेलाच्या डब्यांमागं बसून उमेद गंजली होती. आता उघड्या आभाळाखालची नोकरी. कालव्याच्या कामाचं कंत्राट घेतलेल्या आबासाहेब गुत्तेदारांनी मला चुन्याच्या नावेवर मुकादम नेमलं. माणूस दिलदार. पहिल्याच भेटीत शेजारी बसवून चहा पाजला, आणि आपल्या मोटारीतून कालव्यापर्यंत सोडलं.

चुना स्टेशनावर उतरतो, बैलगाड्यांनी कालव्याकाठी येतो आणि तिथून नावेनं खालच्या बांधकामावर जातो. नाव रुंद, सपाट बुडाची, ताजं डांबर फासलेली. बांबू रेटायला मल्हारी नावाचा जवान आहे, मेंढरं वळणाऱ्या घरातला. बोलतो कमी. मेंढरं सोडून पाण्यावर कसा आलास, असं विचारलं तर म्हणाला, पाण्यावर आपलं माणूस हाय. भाऊबंद कुणी कालव्यावर नोकरीला असेल, असं धरून चाललो.

बायकोनं, पार्वतीनं, धपाटे बांधून दिले होते. नावेच्या टोकावर बसून खाल्ले. बगळे, वाऱ्यावर डुलणारी ज्वारी, आणि हे सगळं बघायचा वर पगार.

५ नोव्हेंबर

आज पहिली फेरी. जांभूळटेकाशी जमीन एकदम उतरते, म्हणून तिथं कालव्यात दगडी हौद बांधलाय आणि त्याच्या दोन्ही तोंडांना सागवानी दारं. लोक त्याला जुळं दार म्हणतात. नाव हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दाराच्या झडपा उचलून पाणी हळूहळू सोडायचं. नाव पाळण्यासारखी खाली उतरते. पाणी पुढच्या कालव्याशी सारखं झालं की पुढचं दार उघडतं. मला लहान पोरासारखी मजा वाटली.

त्याहून मोठी मजा म्हणजे तिथं पगारी माणूसच नाही. सहा-सात गावकरी पांढऱ्या टोप्या घालून काठावर उभे होते. नाव दिसताच त्यांनी झडपांची चाकं धरली, दोर झेलला, दारं लावली. त्यांना सेवेकरी म्हणतात, असं मल्हारीनं सांगितलं. निजामीत माणसाला वेठीला धरून नेत. आता लोक आपणहून कामाला येतात. देश बदलला तो असा, असं मनात आलं आणि ऊर भरून आला.

मी तंबाखू पुढं केली. कुणी घेतली नाही.

९ नोव्हेंबर

चार फेऱ्या झाल्या. सेवेकरी कधी चुकत नाहीत. आम्ही वळणाच्या अलीकडं असतो तेव्हाच दार उघडून तयार. त्यांच्यातला एकच बोलतो. उंच, हाडकुळा माणूस, नाव येडबा. नाव फार जड भरू नका, दगडी काठाला घासू देऊ नका, असं समजुतीनं सांगतो. मोठ्या अधिकाऱ्याला नसेल एवढी त्याला या दाराची काळजी.

एक गोष्ट मात्र ध्यानात आली. त्यांचे कपडे छातीपर्यंत ओले असतात, ऊन कितीही असो. भुवयांवर, ओठांवर चुना वाळलेला. आणि मल्हारी त्यांच्याकडं बघत नाही. येडबा दोर मागतो तेव्हा हा मान खाली घालून देतो. दोघांचा चेहरा सारखा आहे. घरातलं काही भांडण असावं.

नाव हौदात असली की बुडाखाली ठकठक होते. पाण्याचा मार असेल.

१४ नोव्हेंबर

हिशेब द्यायला परभणीला आबासाहेबांकडं गेलो. बोलता बोलता सेवेकऱ्यांची तारीफ केली. म्हटलं, त्यांचा एखादा सत्कार करावा, निदान येडबाचा तरी. आबासाहेबांच्या हातातली बशी कलंडली, चहा धोतरावर सांडला. ते म्हणाले, जुळ्या दारावर मी कुणालाच ठेवलेलं नाही, चाकं मल्हारी फिरवत असणार. मी म्हटलं, मल्हारी तर माझ्याबरोबर नावेत असतो. त्यावर त्यांनी धोतर झटकलं. मग म्हणाले, पुन्हा हा विषय काढू नका.

परतताना पोखर्णीला नरसिंहाचं दर्शन घेतलं. मन लागलं नाही.

१५ नोव्हेंबर

आज नाव बांधून मल्हारीच्या मागंच लागलो. तो मला टेकावरच्या वस्तीत घेऊन गेला. तिथं त्याची भावजय भागुबाई शेळ्यांना पाला टाकत होती. मी येडबाचं नाव काढलं. तिनं हातातला पाला खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. जसं आठवतं तसं लिहितो.

गेल्या उन्हाळ्यात आबासाहेबांनी गावात श्रमदानाची हाक दिली होती. येडबा आणि गावातले काही जण आनंदानं गेले. हौदाच्या फरशीखाली पाणी काढायची मोरी आहे. तिच्या आत बसून ते दगड जुळवत होते. दुपारी मोरीचं तोंड ढासळलं. माणसं आत अडकली, पण जिवंत होती. आतून दगडावर ठोकल्याचा आवाज सगळ्या गावानं ऐकला. फरशी उकरली असती तर निघाली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन होतं, पाहुणे निघालेले, मांडव घातलेला. आबासाहेब म्हणाले, आत कुणी जगलेलं नाही, आवाज मातीचा आहे. आणि सकाळी पाणी सोडलं. फटाके उडाले. त्या फटाक्यांत आवाज ऐकू येईना.

सरकारी माणसांनी विचारलं तेव्हा हजेरीवर कुणाचंच नाव नव्हतं. सेवेकरीच ते. म्हणून ते मेले, असंही कुणी म्हणेना.

भागुबाईच्या गळ्यात मणी तसेच होते. कपाळाला कुंकू होतं. माझी नजर तिकडं गेलेली तिनं पाहिली.

"मी काय म्हणून पुसू?" ती म्हणाली. "तो रोज कामाला जायलाय की."

१८ नोव्हेंबर

चुना पोचवायचाच होता. नोकरी सोडावी तर घरी काय सांगू?

ऊन लख्ख. सेवेकरी काठावर. आज मी त्यांच्या पायांकडं पाहिलं. पायांखालच्या धुळीत ठसा उमटत नव्हता. नाव हौदात शिरली, मागचं दार लागलं, आम्ही खाली उतरू लागलो. ते सगळे काठावरून वाकून माझ्याकडं बघत होते. माणूस विहिरीत बघतो तसे. खालून ठकठक. बुडाच्या फळीतून ती माझ्या पायांत आली.

मी राम राम म्हणत होतो. मल्हारीनं फळीवर तळहात टेकला होता आणि तो तसाच बसून राहिला, दार उघडेपर्यंत.

२० नोव्हेंबर

आज येडबा नावेत उतरला. माझ्या शेजारी बसला. गारवा असा की दात वाजू लागले. तोंड उघडलं तेव्हा आत ओला चुना दिसला.

"मालक, लय अंधार हाय," तो म्हणाला. "उकरा की."

एवढंच. मग तो वर जाऊन चाकाला लागला. आम्ही पार झालो. काठाला लागल्यावर मी मल्हारीला विचारलं, तूच का उकरत नाहीस?

मल्हारी म्हणाला, मला एकट्याला फरशी उचलत नाही. हौदात पाणी असतं, गावातलं कुणी येत नाही. भीती भुताची न्हाई, तो म्हणाला. गुत्तेदाराची.

२२ नोव्हेंबर

आबासाहेबांकडं गेलो. हात जोडून म्हटलं, त्यांना बाहेर काढू, अग्नी देऊ. ओरडतील, मारतील असं वाटलं होतं. पण त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, माझ्याही छातीवर तो दगड आहे, बन्सीधर. परवा मी स्वतः येतो, चार माणसं आणि पहारी घेऊन. गावाला मात्र कळू देऊ नका.

माणूस वाईट नसतो. प्रसंग वाईट येतो. आज झोप लागेल.

२४ नोव्हेंबर

हौदात बसून लिहितो आहे. मल्हारी खणतोय, माझे हात सोलले म्हणून थांबलो. हे कुणीतरी पाहिलं पाहिजे.

नाव बाहेर बांधली. खालच्या कालव्यातलं पाणी आबासाहेबांनी आधीच काढवलं होतं. सेवेकऱ्यांनी वरचं दार लावलं, हौदातलं सगळं पाणी सोडून दिलं आणि खालचं दार पुन्हा बंद केलं. हौद कोरडा. आबासाहेबांच्या माणसांनी दोरीची शिडी लावली, आम्ही दोघं उतरलो. बाकीची माणसं मागून उतरतील, असं आबासाहेब म्हणाले.

अजून आलेले नाहीत.

फरशीचा एक दगड निघाला. आत — ते बसलेले आहेत. एकमेकांना टेकून, सगळ्यांची तोंडं उजेडाच्या बाजूला. येडबाच्या मुठीत अजून दगड. मल्हारी आत शिरला. लहान पोराशी बोलावं तसा बोलतोय.

वर पाहिलं. काठावर सेवेकरी नाहीत. एकही नाही. सुटले बिचारे. चाकापाशी आता कुणी —

आबासाहेबांची माणसं आहेत.

शिडी वर ओढली. मी हाक मारली. आबासाहेब वाकून म्हणाले, जे झालं ते झालं, बन्सीधर, उगाच उकरून काढलंस. आवाज अगदी साधा. चहा घेता का विचारताना असतो तसा.

वरच्या दाराच्या झडपा उचलल्या. पाणी येतंय.

मला पोहता येत नाही.

चाक फिरवणारे चौघंही रडतायत. त्यांतला एक म्हणतो, आमचा इलाज न्हाई, मालक. पण हात थांबत नाहीत. जिवंत हात आहेत ते.

गुडघ्याला — मांडीला — वही भिंतीला उंच टेकवून —

मल्हारी अजून आत आहे. भावाचा हात सोडवतोय. मी ओरडतोय, बाहेर ये, पाणी आलं, पण तो म्हणतो, थोडंच राहिलं, आता थोडंच —