तेलाच्या डब्याचा पिवळा पत्रा

मंगळवार, संध्याकाळ. बोर्ली.

पाटीलकाकांची पिकअप आज विकासच्या नव्या गॅरेजमधून निघताना दिसली. पोटात दुखलं, खोटं कशाला लिहू? इतकी वर्षं ती माझ्याच गॅरेजमध्ये यायची. वर काकाच गाडी थांबवून म्हणाले, "विकासने काय झकास समजावलान! गाडी आपलाच थोडा उष्टा धूर परत इंजिनात घेते, म्हणून आतला जाळ मवाळ होतो आणि बाहेर विषारी वायू कमी जातो. त्या वाटेवरचा व्हॉल्व्ह काजळीने तुंबलेला. साफ केलान. समोरच्या काट्यांमधला तो इंजिनाचा दिवापण विझला बघ."

मला माहीत नव्हतं का हे? होतं की! पण व्हॉल्व्ह खोलून धुवायचा म्हणजे अर्धा दिवस जातो. म्हणून मी तेलाच्या डब्याचा पिवळा पत्रा कापून धुराची वाटच बंद केली होती. सगळेच करतात. काकांना मात्र "साफ केलाय" म्हणालो. दिवा पेटला तेव्हा म्हणालो, सेन्सरचा नखरा आहे.

गॅरेज बंद करताना विकास आला. हातात कागदाची पुडी. "दादा, हे तुमचं राहिलं होतं." तोच पिवळा पत्रा. काकांना एका शब्दाने बोलला नाही मेला! बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

आणि पत्रा कसा, लख्ख. मी काकांचा व्हॉल्व्ह पुसला नाही आणि हा माझा पत्रासुद्धा पुसून देतो.