हव्वाबीच्या खाणावळीतला नातू

शारजा, ३ डिसेंबर १९६७

चि. रुकय्या हिस अम्माची भरभरून दुवा. वि. वि.

तुझा मुनीर माझ्या घरी आला गं! जेटीवर पाय मोडल्यापासून दुबईत हव्वाबीच्या खाणावळीत पडून होता. राहण्या-जेवणाचे सरकार भरते म्हणे. भरेना का! हव्वाबीची आमटी म्हणजे भांडी विसळलेले पाणी. टॅक्सी करून गेले नि कुबडीसकट उचलून आणला. नको नको म्हणत होता, लाजतो मेला. तुझ्या अब्बांचेही असेच, सासुरवाडीला कधी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. असो.

काल सरकारी ऑफिसातला क्लार्क तपासणीला आला. याकूब नाव, मलबारी, भला माणूस. मुनीर झोपला होता. जेवणाचे किती घेता, विचारू लागला. मी म्हटले, हबीबी, हा माझा नातू, लेकीच्या लेकाला भात विकू का? खाणावळ म्हणून लिहू का, असे त्याने दोनदा विचारले. मी म्हटले, खबरदार! मग नातू म्हणून लिहून घेतले, चहा प्यायला आणि मान खाली घालून गेला.

म्हातारीला दुवेत ठेव.
अम्मा (हाफिजा)

बाणकोट, १९ डिसेंबर १९६७

ती. अम्मास रुकय्याचा सलाम. वि. वि.

पत्र वाचले आणि तशीच लिहायला बसले. अम्मा, तो सरकारी भत्ता परक्याच्या खाणावळीत राहणाऱ्यालाच मिळतो. नातेवाइकाकडे गेला की बंद, आणि त्याच्याबरोबर ऑपरेशनसाठीची डॉक्टरची चिठ्ठीही खलास. दुसरे ऑपरेशन झाले नाही तर गुडघा जन्मभर ताठ राहील. तू ऑफिसात भांडायला जाशील म्हणून मुनीरने तुला सांगितले नाही. लाजून तो तिकडे राहिला नव्हता. आता जा आणि सांग, तो कोणी नाही, पैसे देऊन राहतो.

तुझ्या मायेची भुकेली,
रुकय्या

शारजा, ८ जानेवारी १९६८

चि. रुकय्या हिस दुवा. वि. वि.

गेले होते. वाटेत मुनीरला बजावले, तोंड उघडायचे नाही, तू बापावर गेलास, तुला खोटे जमत नाही. वरच्या साहेबाने विचारले, हा तुमचा कोण? मी म्हटले, कोणी नाही, गिऱ्हाईक. जीभ कशी वळली अल्लालाच ठाऊक. याकूबनेही होय होय केले, साहेबाने पेन उचलले. काम झालेच होते. तेवढ्यात साहेबाने मुनीरला विचारले. तो म्हणाला, नानी आहे. मी चिमटा काढला, तरी म्हणाला, सख्खी नानी आहे, तिला खोटे बोलायला लावू नका.

चिठ्ठी रद्द झाली. आगबोटीचे तिकीट तेवढे दिले, महिनाअखेरचे. मुंबईच्या धक्क्यावर धडधाकट माणूस पाठव, त्याला शिडी उतरता येत नाही. घरी येऊन मी त्याला गाढव म्हटले, नको नको ते बोलले. तो जेवला, पाय पुढे लाकडासारखा लांब करून.

रागवू नकोस, पण सांगते. त्या साहेबासमोर त्याने नानी म्हटले तेव्हा मला आतून आनंद झाला गं. त्याचा पाय जात होता आणि मला आनंद झाला.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
अम्मा